'मेटामॉर्फसिस' पहिल्यांदा वाचताय? स्वतःचा अर्थ लावण्याच्या काही पायऱ्या

फ्रान्झ काफ्काची 'मेटामॉर्फसिस' हातात घेणाऱ्या बहुतेकांना पहिलं वाक्य आधीच ठाऊक असतं. ग्रेगॉर साम्सा नावाचा फिरता विक्रेता एका सकाळी जागा होतो, तो भल्यामोठ्या किड्याच्या रूपात. पुढचंही ऐकून माहीत असतं: घरचे त्याला सांभाळतात, मग कंटाळतात, शेवटी तो मरतो. खरी पंचाईत वाचून झाल्यावर होते. 'बरं, पण म्हणजे काय?' असं म्हणत माणूस इंटरनेटवर जातो. तिथे 'परात्मता', 'अस्तित्ववाद', 'भांडवलशाहीतला माणूस' असे तयार शब्द मिळतात. ते उचलले की विषय मिटला.

ते शब्द चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण ते उचलण्याआधी स्वतःचा अर्थ लावून पाहायचा असेल, तर खालच्या पायऱ्या उपयोगी पडतील. पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय, म्हणून आधी एकदा वाचून घ्या. साठ-सत्तर पानांचा ऐवज आहे. सुट्टीच्या दिवशी जेवण करून बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत होतो.

पहिली पायरी: प्रस्तावना नंतर, चित्र तर नकोच

मूळ जर्मन पुस्तकाचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतात. कोणताही चालेल. प्रस्तावना असेल तर ती ओलांडून थेट गोष्टीवर या. मुखपृष्ठावर झुरळ असेल तर पुस्तकाला चक्क कव्हर घाला. ही माझी लहर नाही. २५ ऑक्टोबर १९१५ला काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहून विनवलं होतं की किड्याचं चित्र काढू नका, लांबून दिसेल असंसुद्धा नको. शेवटी मुखपृष्ठावर आला तो झग्यातला एक माणूस: दोन्ही हातांनी तोंड झाकून उघड्या दारापासून दूर निघालेला, दारापलीकडे अंधार.

त्यामुळे 'तो नेमका कोणता किडा?' या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. तिसऱ्या भागात घरातली दांडगी म्हातारी मोलकरीण त्याला लाडाने शेणकिडा म्हणते, पण ते तिचं मत झालं. बाकी पुस्तकात पाय आहेत, टणक पाठ आहे, पोटावर पट्टे आहेत, नाव नाही.

दुसरी पायरी: 'असं का झालं?' हा प्रश्न बाजूला ठेवा

याचं उत्तर पुस्तकात नाही. शाप नाही, पाप नाही, प्रयोगशाळा नाही. त्यापेक्षा पहिल्या भागात ग्रेगॉरला कसली काळजी लागलीय ते पाहा. घड्याळात साडेसहा झालेत. त्याची गाडी पाचची होती. पुढची सातला आहे, पण ती गाठायची तर धावपळ करावी लागेल, आणि कापडाचे नमुने अजून बांधलेले नाहीत. आजारी आहे असं कळवावं का? पण पाच वर्षांत एकदाही आजारी पडलेलो नाही, साहेबाला संशय येईल. पाठीवर पडून असंख्य पाय वळवळत असताना हा गृहस्थ रेल्वेचं वेळापत्रक जुळवतोय! इथे हसू आलं तर दाबू नका. ते लेखकाने आणलेलं आहे.

एवढ्यात कचेरीचा मुख्य कारकून दारात हजर. पाचची गाडी चुकली आणि सातनंतर थोड्याच वेळात माणूस घरी! घरच्यांच्या पाठोपाठ लगेच नोकरी चौकशीला येते, हे वहीत टिपून ठेवा.

तिसरी पायरी: पैशाचा हिशेब मांडा

दुसरं वाचन पेन्सिल घेऊन करा आणि जिथे जिथे पैसा येतो तिथे खूण करा. नवख्या वाचकाला मी एकच पायरी सुचवायची असती तर हीच सुचवली असती. प्रतीकं शोधायच्या नादात लोकांना दिसत नाही की या कथेत घरखर्चाचा चोख हिशेब आहे.

पाच वर्षांपूर्वी वडिलांचा धंदा बसला. ग्रेगॉरच्या साहेबाचंच त्यांच्यावर कर्ज आहे. ते फिटेपर्यंत ग्रेगॉर नोकरी सोडू शकत नाही, आणि फिटायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. साधा कारकून होता तो फिरता विक्रेता झाला आणि एकट्याच्या कमाईवर घर चालवू लागला. सुरुवातीला तो कमिशनचे पैसे टेबलावर मांडायचा तेव्हा घरच्यांचे डोळे विस्फारायचे. मग सवय झाली. घरचे कृतज्ञतेने पैसे घेत, तो आनंदाने देई. पण आधीची ती ऊब काही त्यात परत आली नाही. तो किडा होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. दुसऱ्या भागात हा परिच्छेद येतो तिथे थांबून दोनदा वाचा.

आणि त्याला लागूनच दुसरा धक्का. दाराला कान लावून ग्रेगॉर ऐकतो की वडिलांनी बुडालेल्या धंद्यातून थोडी पुंजी राखून ठेवलीय, शिवाय तो दर महिन्याला देत होता त्यातलंही शिल्लक टाकलंय. त्या पैशातून कर्ज लवकर फिटलं असतं, त्याची सुटका लवकर झाली असती. आपल्याला राग येतो. ग्रेगॉर मात्र दारामागे मान डोलावतो: बरं झालं, बाबांनी दूरदृष्टी दाखवली. तुमचा अर्थ काय निघणार हे बऱ्याच अंशी या मान डोलावण्याकडे तुम्ही कसं पाहता त्यावर ठरेल. हा भोळेपणा? प्रेम? की वर्षानुवर्षं स्वतःला फसवत राहिलेला माणूस? वाचनगटात भांडण लावायचं असेल तर हा प्रश्न टाका.

आपल्याकडचा वाचक इथे पटकन म्हणतो, 'अरे, हा तर घरचा कर्ता मुलगा!' साम्य आहेच. पण जरा दमानं घ्या. हे १९१२च्या सुमाराचं मध्यमवर्गीय युरोपीय घर आहे. पैशाची ओढाताण असूनही घरात आधी मोलकरीण आणि स्वयंपाकीण दोघी आहेत. मुलाने आईबापांना पोसणं इथे रीत म्हणून आलेलं नाही, दिवाळं निघालं म्हणून आलंय. तिन्ही माणसं काम करू शकत होती, हे नंतर सिद्धच होतं: वडील बँकेत शिपाई होतात, आई दुकानासाठी कपडे शिवते, बहीण विक्रेतीची नोकरी धरते आणि संध्याकाळी लघुलेखन आणि फ्रेंच शिकते.

चौथी पायरी: दारं

थोडक्यात सांगतो, कारण एकदा सांगितलं की तुम्हीच शोधाल. ग्रेगॉरच्या खोलीला तीन दारं आहेत. पहिल्या सकाळी तिन्ही आतून बंद, कारण फिरतीवर हॉटेलात राहून त्याला घरीसुद्धा कड्या लावून झोपायची सवय लागलीय. तिन्ही दारांवर आई, वडील, बहीण येऊन आत येऊ दे म्हणून विनवतात. संध्याकाळी दारं उघडता येतात तर कुणी येत नाही, आणि किल्ल्या आता बाहेरच्या बाजूला आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी तो बाहेर येतो आणि परत आत लोटला जातो किंवा स्वतःहून जातो. कोण ढकलतं, कशाने ढकलतं, एवढं टिपलंत की पुरे.

पाचवी पायरी: बहिणीकडे घाईने पाहू नका

वडील खलनायक ठरवायला सोपे आहेत. ते काठी आणि वर्तमानपत्र आपटत त्याला हाकलतात, सफरचंदं फेकून मारतात, त्यातलं एक पाठीत रुतून बसतं आणि तिथेच सडतं. खरा कस लागतो ग्रेटेच्या बाबतीत.

सतरा वर्षांची ही मुलगी. पहिल्या संध्याकाळी ती दुधात पावाचे तुकडे घालून ठेवते, कारण दूध त्याच्या आवडीचं. त्याला ते घशाखाली उतरत नाही. सकाळी भांडं तसंच भरलेलं पाहून ती ते उचलते, पण हाताने नाही, फडक्याने. मग ती काय करते पाहा: एका जुन्या वर्तमानपत्रावर अर्धवट सडलेली भाजी, थिजलेल्या सॉसमधली हाडं, बेदाणे, बदाम, दोन दिवसांपूर्वी ग्रेगॉरनेच खाण्यालायक नाही म्हटलेलं चीज, कोरडा पाव, लोणी लावलेला पाव, लोणी-मीठ लावलेला पाव असं सगळं मांडून ठेवते. त्याला आता काय आवडतं ते शोधायला. आणि आपल्यासमोर त्याला खाववणार नाही म्हणून पटकन बाहेर जाऊन किल्ली फिरवते, म्हणजे त्याला कळावं की आता निवांत खा. फडकं आणि हे ताट, दोन्ही एकाच मुलीची. अख्ख्या पुस्तकात मला हे पान सर्वांत जास्त आवडतं.

ग्रेगॉरही आपल्या परीने वागतो. आपल्याला पाहून तिला किळस येते हे कळल्यावर तो एक चादर पाठीवरून ओढत कोचापर्यंत नेतो आणि तिच्याखाली पूर्ण झाकून घेतो. या कामाला त्याला चार तास लागतात.

मग हळूहळू बिघडतं. खोलीतलं सामान हलवायचं ठरतं ते त्याला भिंतींवर मोकळं फिरता यावं म्हणून. म्हणजे चांगल्याच हेतूने. आई म्हणते, सामान राहू द्या, नाहीतर आपण त्याची आशा सोडली असं त्याला वाटेल. बहीण ऐकत नाही. त्याच्याबाबतीत आता ती घरातली जाणकार झालीय. नंतर ती पायानेच अन्न आत सरकवते आणि संध्याकाळी झाडूने बाहेर ओढते, पण आईने एकदा बादल्या ओतून खोली धुतली तेव्हा रडून आकांत करते, कारण ते काम तिचं! ज्यांनी घरात दीर्घ आजारपण पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि शेवटी तीच टेबलावर हात आपटून म्हणते की याच्यापासून सुटका करून घ्यायला हवी. त्या क्षणी ती भावाचं नाव घ्यायलाही तयार नाही. 'माणुसकीने शक्य होतं तेवढं सगळं आपण केलं' असंही ती म्हणते. हे खोटं आहे का? पहिल्या वाचनात मला वाटलं होतं, साफ खोटं. आता वाटत नाही.

सहावी पायरी: प्रचलित अर्थ घासून पाहा

आता हवं तर दुसऱ्यांनी काय म्हटलंय ते वाचा. चरित्राच्या अंगाने जाणारा अर्थ सगळ्यात लोकप्रिय आहे आणि त्याला आधारही भक्कम आहे. काफ्का प्राग शहरात, जर्मन बोलणाऱ्या ज्यू घरात वाढला. वडील हर्मान काफ्का धिप्पाड, यशस्वी दुकानदार. स्वतः काफ्का कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करायचा. वर घरच्यांनी मेव्हण्याबरोबर काढलेल्या ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यावर देखरेख करायचा तगादा. ऑक्टोबर १९१२मध्ये लाडकी बहीण ओट्लासुद्धा याबाबतीत आईवडिलांच्या बाजूने बोलली, तेव्हा त्याने मित्र माक्स ब्रोडला पत्रात लिहिलं की खिडकीतून उडी मारावीशी वाटते. ब्रोडने घाबरून काफ्काच्या आईला कळवलं. १७ नोव्हेंबरला त्याने ही कथा लिहायला घेतली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपवली. ग्रेटे कुठून आली हे शोधायला फार लांब जायला नको. पुढे १९१९मध्ये वडिलांना लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात, वडिलांनी आपल्या एका नटमित्राची तुलना किड्यामुंग्यांशी केल्याची तक्रारही आहे.

एवढं सगळं जुळतं म्हणूनच सावध राहा. काफ्काला तीन बहिणी होत्या, ग्रेगॉरला एक. काफ्काच्या वडिलांचं दुकान चालत होतं, ग्रेगॉरच्या वडिलांचं दिवाळं निघालेलं. चरित्र लावलं की गोष्ट सुटल्यासारखी वाटते आणि वाचणं थांबतं.

नोकरीने माणसाचा किडा केला, हा दुसरा अर्थ पहिल्या भागात चपखल बसतो. तिसऱ्या भागात, जिथे नोकरी कधीच मागे पडलीय, तिथे त्याला फारसं बोलता येत नाही. आणि येऊ घातलेल्या ज्यूसंहाराचं भाकीत म्हणून ही कथा वाचणारेही आहेत. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून संपल्या हे खरं, पण काफ्का स्वतः १९२४मध्येच क्षयाने गेला होता. नंतरचं दुःख आधीच्या कथेत भरणं मला पटत नाही.

सातवी पायरी: स्वतःचं एक वाक्य निवडा आणि त्याला अडचणीत आणा

आता तुमची पाळी. पुस्तकातलं असं एक वाक्य शोधा की जे हललं तर तुमच्यापुरती सगळी कथा हलेल. मोठं, गाजलेलं नको. जाता जाता आलेलं असेल तर उत्तम. मग त्यातून निघणारा अर्थ कथेतल्या न जुळणाऱ्या जागांवर घासा.

नमुन्यादाखल माझं सांगतो. दुसऱ्या भागात एक साधा तपशील आहे. पहिल्या सकाळी डॉक्टर आणि कुलूपवाला यांना बोलावणं गेलं होतं. त्यांना काय सांगून परत पाठवलं हे ग्रेगॉरला कधी कळलं नाही. कारण त्याचं बोलणं कुणाला समजत नव्हतं, म्हणून त्याला इतरांचं समजत असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही, बहिणीच्याही नाही. माझ्या लेखी वाळीत पडणं म्हणतात ते इथे आहे. शरीर बदललं हे एक, पण त्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही. सगळं घर त्याच्याबद्दल बोलतं आणि तो दारामागून शब्दन् शब्द ऐकतो. डॉक्टरलाही काहीतरी सांगून परत पाठवलं. शेवटच्या रात्री वडील अर्धवट प्रश्नासारखं म्हणतात, 'त्याला आपलं समजत असतं तर...' आणि बहीण रडता रडता हात झटकून तो विचार उडवून लावते. समजत असतं तर काहीतरी तडजोड निघाली असती, असं वडील म्हणतात. तो तिथेच आहे. त्याला समजतंय.

माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांची पक्षाघाताने वाचा गेली होती. लोक त्यांच्या खाटेशी उभं राहून त्यांच्या औषधांचा खर्च, रात्रपाळीची बाई, असं सगळं बोलायचे आणि ते छताकडे पाहत राहायचे. हे वाक्य माझ्या नजरेत भरलं त्यामागे तेही असणार. तुमचं वाक्य तुमच्या आयुष्यातून येईल. त्याची लाज बाळगू नका, फक्त पुस्तकातली जागा दाखवता आली पाहिजे.

आता अडचणी. पहिली: ग्रेगॉर स्वतःही समजावण्याचा प्रयत्न फारसा करत नाही. मान हलवून हो-नाही सांगता आलं असतं की! माझ्या अर्थाला ही चांगलीच खोच आहे. माझं उत्तर असं की तो आधीपासूनच स्वतःबद्दल न बोलणारा माणूस आहे. ग्रेटेला संगीत विद्यालयात पाठवायचा बेतसुद्धा त्याने नाताळला सांगू म्हणून मनातच ठेवला होता. दुसरी: भिंतीवरची फरचे कपडे घातलेल्या बाईची तसबीर. सामान हलवताना तो नेमका तिलाच चिकटून बसतो. फ्रेम त्याने स्वतः करवतीने कोरलेली, चित्र मासिकातून कापलेलं. न विचारलं जाण्याशी याचा काय संबंध? मला अजून नीट लावता आलेला नाही, आणि ते मी तसंच ठेवतो. तुमच्या अर्थात एखादी जागा बसत नसेल तर तसं लिहा. सगळं बसवून दाखवणाऱ्या लेखापेक्षा तो जास्त विश्वासाचा वाटतो.

तिसरी अडचण सगळ्यांनाच पार करावी लागते: शेवट. ग्रेगॉर पहाटे मरतो, घरच्यांबद्दल मनात माया ठेवून. त्याच दिवशी तिघंही आपापल्या मालकांना रजेची चिठ्ठी लिहितात (पहिल्या दिवशी ग्रेगॉरला जे जमलं नाही ते!) आणि ट्रॅमने गावाबाहेर फिरायला जातात. ऊन आहे. नोकऱ्या बऱ्या आहेत. ग्रेगॉरने निवडलेलं घर सोडून लहान, स्वस्त, सोयीचं घर घ्यायचं ठरतं. मुलगी वयात आलीय, आता स्थळ पाहायला हवं, असं आईबापांच्या मनात येतं आणि ती उठून अंगाला आळोखेपिळोखे देते. काफ्काला स्वतःला हा शेवट आवडला नव्हता. जानेवारी १९१४च्या डायरीत त्याने तो वाचण्यालायक नाही असं लिहिलंय आणि लिहीत असताना मध्येच कामासाठी प्रवासाला जावं लागल्याचा दोष दिलाय. तुमचा अर्थ हे ऊन पेलू शकतो का पाहा. ग्रेगॉरवरच्या अन्यायाशिवाय काही दिसत नसेल तर ही दोन पानं तुम्हाला नुसतीच निर्दय वाटतील. पुस्तकाच्या नावातलं रूपांतर ग्रेटेचंही असू शकतं, हे ध्यानात आलं तर वेगळी वाटतील.

आठवी पायरी: लिहून काढा

दोन-तीनशे शब्द पुरेत. सुरुवात तुमच्या निवडलेल्या वाक्याने करा, काफ्काच्या जन्मापासून नको. 'मला वाटतं' बेधडक लिहा, पण त्याला लागूनच पुस्तकातली जागा द्या. 'समाज', 'व्यवस्था', 'माणूसपण' हे शब्द पहिल्या खर्ड्यात टाळा. तिथे वडील, साहेब, बहीण असे नेमके लिहिता येतात का बघा. गटात चर्चा करणार असाल तर आधी सगळ्यांना एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहायला सांगा, नाहीतर पहिला बोलणारा जे म्हणतो तेच बाकीचे वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहतात.

यानंतर काय वाचावं असं विचाराल, तर १९१२च्याच सप्टेंबरात एका रात्रीत लिहिलेली, मुलाला बापाने शिक्षा सुनावण्याची कथा, 'द जजमेंट'. ही कथा, 'द स्टोकर' आणि 'मेटामॉर्फसिस' या तिन्ही 'मुलगे' या नावाखाली एकत्र छापाव्यात, असं काफ्काने १९१३मध्ये प्रकाशकाला सुचवलं होतं. वडिलांना लिहिलेलं पत्र त्यानंतर, सगळ्यात शेवटी काढा.